मिडवाइफचं शिक्षण देशोदेशी एका मापाचं का असावं? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यात नर्सिंगच्या मुलींना बाळंतपणाचा विषय शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, उपकेंद्राच्या भेटीत आशाताई विचारतात, आणि एखाद्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेली आजीही विचारते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहून काढली आहेत.

मिडवाइफ म्हणजे आपली सुईणच ना?

नाही. मात्र दोघींचं नातं जवळचं आहे. सुईण, म्हणजे आपल्याकडे काही गावांत म्हणतात ती वैजीण, आपल्या आईकडून किंवा सासूकडून बघून बघून शिकली. मिडवाइफ ही रीतसर शिक्षण घेतलेली, परीक्षा दिलेली, सरकारदरबारी नोंद असलेली व्यावसायिक असते. गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे आठवडे, यांत बाईची आणि बाळाची काळजी घेणं हे तिचं स्वतंत्र काम. सगळं सुरळीत चाललं असेल तर ती स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करते. कुठे बिनसतंय हे तिला लवकर कळलं पाहिजे, आणि डॉक्टर येईपर्यंत जे करायला हवं ते तिच्या हातून झालं पाहिजे.

सरकारी मराठीत तिला 'प्रसविका' म्हणतात. बोलताना तो शब्द कुणी वापरत नाही, म्हणून इथे मिडवाइफ असंच लिहिते.

समान मानकं म्हणजे काय? ती ठरवली कुणी?

'इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ह्ज' (आयसीएम) ही जगभरातल्या मिडवाइफ संघटनांची शिखर संघटना आहे. तिची मुळं १९२२ मध्ये बेल्जियममध्ये रुजली. आज कार्यालय नेदरलँड्समधल्या हेग शहरात आहे. मिडवाइफला काय काय यायलाच हवं याची यादी तिने २००२ मध्ये केली आणि ती वेळोवेळी सुधारली. ते शिकवायचं कसं याची जागतिक मानकं २०१० मध्ये आली, २०२१ मध्ये ती पुन्हा तपासून सुधारली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये नर्स आणि मिडवाइफ यांच्या मूळ शिक्षणासाठी मानकं काढली होती.

मानक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. कुठलं पुस्तक लावा, कुठल्या महिन्यात कुठला धडा घ्या, असं त्यात काही नसतं. घर कसंही बांधा, पण जोतं एवढं उंच हवंच, नाहीतर पावसाचं पाणी आत येणार, असं कोकणातला गवंडी सांगतो ना, तशातली ही गोष्ट. जोत्याची उंची ठरलेली. वरचं छप्पर कौलांचं की स्लॅबचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

२०१० च्या मानकांतल्या मोजता येतील अशा गोष्टी सांगते. शालेय शिक्षण पूर्ण करून थेट मिडवाइफरीला आलेल्या मुलीसाठी किमान तीन वर्षं. आधी नर्सिंग झालेलं असेल तर किमान अठरा महिने. अभ्यासक्रमाचा किमान ४० टक्के भाग वर्गातला आणि किमान ५० टक्के प्रत्यक्ष कामाचा. आणि शिकवणारी, तसंच तो अभ्यासक्रम चालवणारी, स्वतः मिडवाइफ असली पाहिजे. ही शेवटची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. जी रात्री दोन वाजता कळा देणाऱ्या बाईजवळ कधी बसलेली नाही, ती ते शिकवणार कुठून?

शिकाऊ मुलीने किती बाळंतपणं केलेली असावीत?

या प्रश्नावर जरा थांबू या, कारण खरी गोम इथे आहे.

आयसीएमचा भर आकड्यापेक्षा मुलीला काम येतं की नाही यावर आहे. युरोपीय संघाने मात्र आकडे कायद्यातच घातले. तिथल्या २००५ च्या निर्देशानुसार मिडवाइफ होणाऱ्या विद्यार्थिनीने किमान १०० प्रसूतिपूर्व तपासण्या केल्या पाहिजेत आणि किमान ४० बाळंतपणं स्वतःच्या हातांनी केली पाहिजेत. तेवढ्या बाळंतिणी मिळत नसतील तर ३० चालतात, पण मग आणखी २० बाळंतपणांत मदतीला उभं राहावं लागतं. जोखमीच्या ४० बायकांची देखरेख आणि किमान १०० बाळंतिणी व त्यांच्या सुदृढ बाळांची तपासणी हे वेगळंच. २०१३ मध्ये या निर्देशात दुरुस्ती झाली आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान ४,६०० तासांचं माप लागलं. पोर्तुगालमध्ये शिकलेली मिडवाइफ डेन्मार्कमध्ये काम करू शकते, त्यामागे हे माप आहे.

आता माझी गोष्ट. मी शिकले तेव्हा आमच्याकडे केस बुक असायचं. निळ्या पुठ्ठ्याचं, आडवं, रकाने आखलेलं: बाईचं नाव, कितवी खेप, कळा कधी सुरू झाल्या, पाणमोट कधी फुटली, बाळ कधी झालं, वजन, वार कधी पडली, आणि शेवटी सिस्टरची सही. माझं केस बुक पूर्ण भरलेलं होतं. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त नोंदींच्या वेळी मी मागे उभी होते. कधी बॅटरी धरून, कधी बाळासाठी दुपटं धरून. वॉर्डात मुली जास्त आणि बाळंतिणी कमी, म्हणून एका बाळंतपणावर चौघींच्या केस बुकात 'स्वतः केले' अशी सही व्हायची. यात कुणाला खोटेपणा वाटत नव्हता. रीतच तशी पडली होती.

पहिल्या नेमणुकीवर, सहाव्याच आठवड्यात, एका बाईला बाळ झाल्यावर रक्तस्राव सुरू झाला. अतिरक्तस्रावाची चार कारणं मला तोंडपाठ होती. पोटावर हात ठेवला. वार पडल्यानंतर गर्भपिशवी आक्रसून क्रिकेट बॉलसारखी कडक लागायला हवी, असं मी परीक्षेत लिहिलं होतं. हाताला लागत होतं ते मळून ठेवलेल्या कणकेसारखं मऊ. आणि मी तशीच, हात ठेवून, उभी राहिले. शेजारच्या आयाबाई ओरडल्या, "अगो, चोळ! गोल गोल चोळ, जोर लाव!" त्यांनी माझा हात दाबून धरला आणि चोळायला लावला. पिशवी हळूहळू घट्ट होत गेली. ती बाई वाचली. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं, पण त्या रात्री जे लागत होतं ते आयाबाईंकडे होतं.

म्हणून मानकांचं नाव निघालं की मी तासांच्या आधी केस बुकाचा विचार करते. 'स्वतः केले' याचा अर्थ हेगमध्ये, ढाक्यात आणि दापोलीत एकच असला पाहिजे.

मग आमच्या एएनएम, जीएनएम झालेल्या मुली मिडवाइफ नाहीत का?

हा प्रश्न ऐकताना मुलींच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, इतकं त्यांना ते लागतं. त्यांच्या अभ्यासक्रमाच्या नावातच मिडवाइफ आहे: 'ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ', 'जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी'. नोंदणीतही नर्सबरोबर मिडवाइफ असं लागतं.

पण आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार मिडवाइफ म्हणजे आयसीएमच्या मानकांत बसणारं शिक्षण पूर्ण केलेली व्यक्ती. जीएनएमच्या तीन वर्षांत किंवा बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत मिडवाइफरी हा अनेक विषयांतला एक असतो. तिथे मुली उत्तम नर्स होतात, मात्र मिडवाइफरीच्या वाट्याला येणारा वेळ त्या मापात बसत नाही.

एएनएमची कहाणी आणखी वेगळी आहे. ती मुळात बाळंतपणासाठीच घडवलेली होती. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांची कल्पना मांडली. त्यानंतर एएनएमच्या खांद्यावर कुटुंबनियोजन, लसीकरण, साथीचे आजार, सर्वेक्षणं असं एकेक ओझं चढत गेलं. आज उपकेंद्रातली एएनएम दिवसभर काय करते ते जाऊन बघा. मोबाइलवर नोंदी भरण्यातच तिची दुपार जाते. दोष तिचा नाही. तिच्या शिक्षणातून आणि कामातून बाळंतपण बाजूला सारलं गेलं.

भारतात यावर काही चाललं आहे का?

हो. तेलंगणाने हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या साथीने २०१७ मध्ये नर्सेसना मिडवाइफरीचं पूर्ण वेळ शिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, केंद्र सरकारने देशासाठी मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हे नवं पद आलं. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या, अनुभवी नर्सला अठरा महिन्यांचं शिक्षण: बारा महिने अभ्यास आणि सहा महिने प्रत्यक्ष काम. अठरा हा आकडा उगाच आलेला नाही. नर्सिंगनंतरच्या शिक्षणासाठी आयसीएमचं किमान माप तेच आहे.

१९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला. त्याच्या नावात मिडवाइफरी स्वतंत्रपणे लिहिलेली आहे. नाव बदलल्याने काम बदलतं असं नाही, पण आपला विषय नर्सिंगची शेपटी नाही हे कायद्याच्या मथळ्यावर वाचून मला बरं वाटलं.

शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्येच थेट प्रवेशाचा तीन वर्षांचा मिडवाइफरी डिप्लोमा सुरू केला, तोही आंतरराष्ट्रीय मानकं समोर ठेवून. खाड्या, पूर, बोटीने गाठायची गावं यांत ते आपल्यापेक्षा पुढेच आहेत. त्यामुळे "आपल्याकडे परिस्थिती कठीण" हे कारण माझ्या गळी उतरत नाही.

डॉक्टर असताना मिडवाइफ कशाला?

सगळ्या बाळंतपणांना डॉक्टर लागत नाही, आणि ज्यांना लागतो त्यांना तो वेळेवर लागतो. आपली तालुक्याची ठिकाणं आठवा. स्त्रीरोगतज्ज्ञ एक, भूलतज्ज्ञ कधी असतो कधी नसतो. दिवसभर सरळ बाळंतपणांत अडकलेला डॉक्टर रात्री अडलेल्या बाईसाठी ताजा राहणार कसा?

२०१४ च्या जागतिक मिडवाइफरी अहवालात म्हटलं आहे की आई आणि नवजात बाळाला लागणाऱ्या आवश्यक सेवांपैकी ८७ टक्के सेवा मिडवाइफ देऊ शकते. मात्र त्याच वाक्यात अट आहे: ती आंतरराष्ट्रीय मानकांनुसार शिकलेली असेल तर. भाषणांत ८७ चा आकडा सगळे सांगतात, अट गाळतात. २०२१ च्या अहवालानुसार जगात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत.

सिझेरियनचं बोलायचं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं प्रमाण २५.४ टक्के होतं, म्हणजे चारातलं एक. त्यातली कित्येक जीव वाचवणारी असतात, त्यांना नावं ठेवू नयेत. पण कळा देणाऱ्या बाईजवळ शेवटपर्यंत बसणारं, तिला उठवून चालवणारं, पाठ चोळणारं, धीर देणारं माणूस असलं तर काही ऑपरेशनं टळतात.

परदेशात ठरलेली मानकं कोकणात कशी चालणार?

उदाहरणानेच सांगते. पूर्वी पार्टोग्राफवर, म्हणजे कळांच्या प्रगतीच्या तक्त्यावर, गर्भाशयाचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलं की जोराच्या कळांचा टप्पा धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तो ५ सेंटीमीटरवर नेला आणि २०२० मध्ये नवा तक्ता दिला. आता समजा एक नर्स जुनं शिकलेली आहे आणि एक नवं. पहिलटकरीण ४ सेंटीमीटरवर तीन तास थांबली. जुनी म्हणेल प्रगती खुंटली, पुढे पाठवा. नवी म्हणेल अजून टप्पाच सुरू झालेला नाही, चालू द्या, खाऊ द्या, थांबू या. पुण्यामुंबईत हा फरक एका मजल्याचा. आपल्याकडे तो मुसळधार पावसात १०८ मध्ये आडवं पडून खड्ड्यांतून तालुका गाठण्याचा. धोपाव्याहून दाभोळ समोर दिसतं, पण रात्री फेरीबोट बंद झाली की चिपळूणवरून वळसा. विनाकारण पुढे पाठवण्याची किंमत इथे जास्त आहे, आणि वेळेवर न पाठवण्याची तर त्याहून जास्त. म्हणून माप एक हवं, आणि कोकणात ते अधिक काटेकोर हवं.

दुसरी बाजू शिकवण्याची. मानक म्हणतं, विद्यार्थिनीला रक्तस्राव ओळखता आला पाहिजे. कसं शिकवायचं ते सांगत नाही. आमच्याकडे परदेशी बनावटीच्या महागड्या बाहुल्या नाहीत. मी कोकमाचं आगळ पाण्यात कालवते, रंग जवळजवळ तसाच येतो. मोजून अर्धा लिटर पॅडवर, चादरीवर आणि थोडं खाली फरशीवर ओतते, आणि मुलींना विचारते, किती? दोनशे, अडीचशे, तीनशे. दर वर्षी हेच. चादर रक्त पिते आणि डोळा फसतो. मग मी मोजपात्र दाखवते. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर म्हणजे अतिरक्तस्राव, हे वाक्य त्यांनी आधी दहादा लिहिलेलं असतं, पण आगळाने लाल झालेली चादर हातात पिळल्यावर ते कळतं. मानक हेगचं, कोकम आमच्या परसातलं.

तसंच ऑक्सिटोसिनचं. बाळ झाल्यावर मिनिटभरात दिलं जाणारं १० युनिटचं हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. जुलैत दोन दोन दिवस लाइट जाते तिथे फ्रिज बंद, बर्फाच्या डब्याची सोय कुणी करायची, औषध बाद झालंय हे कसं ओळखायचं, हे आमच्या मुलींना आलंच पाहिजे. मानक या प्रश्नाला जागा देतं. उत्तर इथल्या शिक्षिकेने शोधायचं.

आमची सून मुंबईची. तपासण्या तिकडे, बाळंतपण इकडे. तिला याचा काय उपयोग?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली पद्धत. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी चाकरमान्यांच्या गाडीने गावी येते, हातात फाइल. सावंतवाडी, दोडामार्गकडच्या बायका तर अडचण आली की राज्याची हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. म्हणजे एकाच बाईला तीन ठिकाणची, दोन राज्यांतली माणसं तपासतात. प्रत्येकीने रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, बाळाची वाढ एकाच पद्धतीने बघितली आणि लिहिली, तरच त्या फाइलला अर्थ. नाहीतर प्रत्येक दारात पुन्हा पहिल्यापासून. दोन देशांची गोष्ट लांबची वाटत असेल तर ही जवळची बघा.

हे शिकून मुलीला आखातात किंवा इंग्लंडमध्ये मिडवाइफ म्हणून नोकरी लागेल?

खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन भागातले पालक हे हमखास विचारतात, कारण घरातलं कुणी ना कुणी कुवेतला नाहीतर दुबईला असतं. सरळ उत्तर: आपल्या जीएनएम, बी.एस्सी. झालेल्या मुली परदेशात बहुतेक नर्स म्हणूनच जातात. इंग्लंडमध्ये मिडवाइफ म्हणून नोंद व्हायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची मिडवाइफसाठीची वेगळी परीक्षा आहे, संगणकावरची आणि प्रात्यक्षिकाची. आणि मुळात शिक्षण मिडवाइफचं असावं लागतं.

मानकं जुळली की ही दारं थोडी उघडतील. पण मी पालकांना हेही सांगते की मानकांचा हेतू मुली बाहेर पाठवणं हा नाही. जिला आपण उत्तम शिकवतो ती इथे राहावी असं वाटत असेल तर तिला इथे पद, पगार आणि मान द्यावा लागेल. मिडवाइफचं शिक्षण घेऊन आलेल्या नर्सला पुन्हा जनरल वॉर्डात लावलं तर ती व्हिसाच्या रांगेत उभी राहणारच.

मानकं कागदावर राहिली तर? कोण तपासतं?

प्रत्येक देशाची नियामक संस्था. आपल्याकडे शाळांची मान्यता आणि नोंदणी केंद्र व राज्य पातळीवर होते. आयसीएम स्वतः कुणाला दंड करू शकत नाही. ती शिक्षण, नियमन आणि संघटना असे तीन खांब मानते, आणि एक जरी कच्चा असला तरी छप्पर कलतं. आपला तिसरा खांब मला सगळ्यांत कच्चा दिसतो. मिडवाइफ म्हणून एकत्र येऊन बोलणाऱ्या बायका आपल्याकडे फार थोड्या आहेत.

तपासणीच्या दिवशी शाळा कशा दिसतात, हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं आहे. खरी तपासणी करायची असेल तर केस बुकं उघडावीत आणि त्यातल्या तारखा लेबर रूमच्या रजिस्टरशी ताडून बघाव्यात. अर्ध्या तासाचं काम आहे.

वैजीणबाईंच्या ज्ञानाचं काय? ते सगळं टाकून द्यायचं?

मुळीच नाही, आणि सगळं जपायचं असंही नाही. नाळेला राख किंवा शेण लावणं घातकच, त्यावर चर्चा नको. पण बाईला आडवं न पाडता उकिडवं किंवा आधाराला धरून बसू देणं, ओळखीचं माणूस जवळ ठेवणं, घाई न करणं, हे त्या करत होत्या. लेबर रूमच्या टेबलावर पाय अडकवून आपण ते मोडलं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाईला हवं त्या स्थितीत बाळंत होऊ द्या आणि तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्या. माझ्या आजेसासूबाईंना हे ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमी काय वेगळा करत होतो?"

मुलीला नर्सिंग किंवा मिडवाइफरीला घालताना शाळेत काय विचारावं?

इमारत, बस, गणवेश नंतर बघा. आधी विचारा की मुली प्रात्यक्षिकाला कुठल्या रुग्णालयात जातात आणि तिथे महिन्याला बाळंतपणं किती होतात. मग तो आकडा वर्गातल्या मुलींच्या संख्येशी ताडून बघा, हिशेब तुमचा तुम्हालाच लागेल. बाळंतपण शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः शेवटचं बाळंतपण कधी केलं, हे विचारायला लाजू नका. मला विचारलंत तरी राग येणार नाही. रात्रपाळीला मुलींबरोबर शिक्षिका असते का? बहुतेक बाळंतपणं शिक्षिकेच्या ड्युटीची वेळ बघून होत नाहीत.

आणि शक्य झालं तर शेवटच्या वर्षातल्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, "तुझ्या केस बुकातली किती तू स्वतः केलीस?" ती लगेच आकडा सांगते की आधी इकडेतिकडे बघते, ते पाहा.